चुकीच्या औषधाचा हिशेब कोणी द्यायचा?

भंडाऱ्यात एखाद्या खासगी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार गेली की गावात बोलणे सुरू होते. ‘डॉक्टर काय देव आहे काय? चूक माणसाच्याच हातून होते.’ ‘असेच कोर्टकज्जे वाढले तर तुमसर-साकोलीत कोणी डॉक्टर बसणार नाही, साध्या तापाचा पेशंटही नागपूरले रेफर होईल.’ ‘बिल बुडवायचे आणि वर पैसे उकळायचे, धंदाच झाला आहे हा.’ असे बोलणारी सगळी माणसे वाईट नाहीत. त्यांत रात्री दोनला उठून बाळंतपण करणारे डॉक्टर आहेत, सापाच्या दंशावर स्वतः उभे राहून इंजेक्शन देणारे आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. माझे उत्तर असे आहे की, औषधाच्या चुकीने इजा झालेल्या रुग्णाला कायद्याची मदत मिळणे ही लहान गावातल्या डॉक्टरवरची आपत्ती नाही. खरी आपत्ती वेगळी आहे, आणि ती सोसणारा बहुतेक वेळा तक्रारच करू शकत नाही.

आधी चूक कशी होते ते पाहू, कारण ‘चूक माणसाच्याच हातून होते’ हे वाक्य तिथेच तपासले पाहिजे. इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलीलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजही दोन, लाल टोपणाची आणि केशरी टोपणाची. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली तर अडीचपट इन्सुलिन अंगात जाते आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. तान्ह्या बाळासाठी मिळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये पाच मिलीलिटरच्या चमच्याला साधारण १२० किंवा २५०. थेंबांची बाटली हातात देऊन कोणी ‘एक चमचा पाजा’ एवढेच सांगितले, तर त्या बाळाला ५०० मिलिग्रॅम जाईल. सांधेदुखीवरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून’ हा शब्द वाचता आला नाही आणि ती रोज घेतली, तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस जातो.

या तिन्ही ठिकाणी चूक माणसाचीच आहे, हे खरे. पण त्या तिन्ही चुका कुठे होणार हे आधीपासून माहीत असते. ज्या चुकीची जागा ठाऊक आहे ती तिथेच अडवण्याची व्यवस्था न करणे, याला माणसाची चूक म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधांनी होणारी टाळता येण्यासारखी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली, तीही याच विचारावर: सिस्टरला दरडावून नव्हे, तर लेबल, साठवण, तपासणी आणि नोंद यांची पद्धत बदलून.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घेतो. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर गेले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भरती करावे लागले. सुदैवाने मुले बरी झाली. एक आरोग्य अधिकारी, एक अंगणवाडी सेविका आणि एक आशा यांच्यावर कारवाई जाहीर झाली आणि बातमी संपली. पोलिओच्या बाटलीवर उष्णता लागली की रंग बदलणारा चौकोन असतो. लस खराब झाली की नाही हे कमी शिकलेल्या माणसालाही डोळ्यांनी कळावे म्हणून जगभरच्या तज्ज्ञांनी तो लावून घेतला. एवढी काळजी ज्या मोहिमेत घेतली जाते, तिथे बूथवर पहिला थेंब पाजण्याआधी दुसऱ्या माणसाने बाटली वाचायची एवढा नियम पाळला असता तरी तो प्रकार टळला असता. तिघांवरच्या कारवाईने हा नियम आला का, हा प्रश्न विचारायचा सोडून आपण ‘हलगर्जी’ हा शब्द लिहून मोकळे झालो.

आता पैशांचे. ‘न्यायालये कोणालाही भरपाई देतात’ असे जे म्हणतात त्यांनी मुंबईचा एक निकाल वाचावा. नानावटी रुग्णालयात १९९१ मध्ये मूत्रपिंडे निकामी झालेल्या एका रुग्णाला अमिकासिन हे प्रतिजैविक दिले गेले आणि त्याची ऐकण्याची शक्ती गेली. अमिकासिन कानांना घातक ठरू शकते हे सर्वमान्य आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने भरपाई दिली. १७ फेब्रुवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण रुग्णाचा जीव धोक्यात होता आणि त्या वेळी जीव वाचवणे कानांपेक्षा महत्त्वाचे होते. माणूस बहिरा झाला आणि तरीही डॉक्टर निर्दोष ठरला. न्यायालयाने औषधाचा परिणाम आणि औषधाची चूक यांत फरक केला. डॉक्टरांनी ज्याला घाबरावे असे या निकालात काय आहे?

दुसऱ्या बाजूचा निकालही मुंबईचाच. १९९२ मध्ये एका तरुण नोकरदाराला ताप आला. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरने त्याला आधी व्हायरल ताप आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधे दिली. माणूस गेला. १० मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विधवेला तीन लाख रुपये देवविले आणि म्हटले की, ज्या पद्धतीचे शिक्षण घेतले नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा लागत नाही. पूनम वर्मा खटला म्हणून तो ओळखला जातो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून एका वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट काढून दिली आणि २०२५ मध्ये त्यावरून डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर आल्या. त्या भांडणात दोन्ही बाजूंनी रुग्णाच्या सुरक्षिततेचे नाव घेतले. पण औषध चुकले तर खेड्यातल्या रुग्णाला भरपाई कोण देणार, हे त्या भांडणात कोणी पुढे आणले नाही. लाखांदूरच्या एखाद्या खेड्यात ताप आलेल्या माणसाला समोरचा डॉक्टर कोणत्या पॅथीचा हे विचारायची सोय नसते. सुई लावून घेतो आणि घरी जातो.

आणि डॉक्टरांच्या बैठकांत ज्या आकड्याची भीती दाखवली जाते तो ५ कोटी ९६ लाखांचा. कोलकात्यात १९९८ मध्ये अनुराधा साहा यांना अंगावरच्या पुरळासाठी डेपो-मेड्रॉल हे स्टेरॉइड ८० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा या प्रमाणात दिले गेले. ते औषध तसे रोज द्यायचे नसतेच. प्रकृती ढासळल्यावर त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडीत आणले, तिथे त्या गेल्या. २४ ऑक्टोबर २०१३ रोजी, म्हणजे पंधरा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई दिली. तो आकडा एवढा मोठा झाला कारण अनुराधा अमेरिकेत राहणाऱ्या बालमानसशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांची संभाव्य कमाई डॉलरमध्ये धरली गेली. आपल्याकडे भरपाई बहुतांशी मिळकतीवर मोजली जाते. पवनी तालुक्यात रोवणीला जाणारी बाई चुकीच्या औषधाने दगावली तर तिच्या जिवाचा हिशेब कितीचा होईल? कोटींची भीती दाखवून तिच्या घरच्यांना न्याय नाकारू नका. मला इथे राग येतो तो न्यायालयांच्या मोजमापाचाही: रोवणीच्या हंगामात घर आणि शेत दोन्ही ओढणाऱ्या बाईच्या जिवाची किंमत रोजंदारीच्या गुणाकारात बसत नाही.

‘डॉक्टर पळून जातील’ हे तिसरे म्हणणे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली ती १३ नोव्हेंबर १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने. त्याला तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत भंडारा, तुमसर, साकोलीच्या रस्त्यांवर खासगी दवाखान्यांच्या पाट्या कमी झाल्या की वाढल्या, हे प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. उलट डॉक्टरांची पदे रिकामी राहतात ती ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे नेमकी तिथे, जिथे ग्राहक कायदा लागूच होत नाही. खटल्यांच्या भीतीने डॉक्टर जात असते तर सरकारी जागा आधी भरल्या असत्या.

आता मूळ दुखण्यावर येतो. शांता निकालात एक अपवाद होता: जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते तिथला रुग्ण ग्राहक नाही. केसपेपरचे नाममात्र पैसे घेतल्यानेही तो ग्राहक होत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतले उपचार पूर्ण मोफत केले, केसपेपरसुद्धा. निर्णय चांगलाच आहे, तो मागे घ्या असे कोणीही म्हणू नये. पण त्याचबरोबर प्राथमिक केंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंतच्या रुग्णाला ग्राहक आयोगाचे दार पक्के बंद झाले, याची चर्चा कुठेच झाली नाही. खासगी दवाखान्यात चुकीचे इंजेक्शन टोचले गेले तर तक्रार करता येते. तेच इंजेक्शन मोफत टोचले गेले तर जिल्ह्यातल्या सर्वांत गरीब माणसाला सर्वांत महागड्या आणि लांबच्या वाटेने जावे लागते: दिवाणी दावा, नाही तर नागपूर खंडपीठात रिट याचिका.

ही वाट किती लांब आहे ते औरंगाबादच्या चंद्रिकाबाईंच्या घराने दाखवले आहे. जुलै १९६३ मध्ये तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलात बाळंतपणानंतर त्यांची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहून गेला. त्याच महिन्यात त्या गेल्या. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पुन्हा दिले. तेहेतीस वर्षे. त्या निकालात एक गोष्ट मात्र कायमची ठरली: सरकारी दवाखान्यातल्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारनेच द्यायची, आणि नेमक्या कोणत्या डॉक्टरच्या हातून चूक झाली हे रुग्णाने सिद्ध करत बसायचे नाही. अच्युतराव खोडवा खटला म्हणून तो शिकवला जातो. कायदा आपल्या बाजूने आहे, त्याच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता मात्र सरकारने कधी बांधला नाही.

भरपाईचा रस्ता नसला की समाजाचा राग शिक्षेकडे वळतो, आणि शिक्षा नेहमी उतारावरून खाली वाहते. भंडाऱ्याने हे पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली. औषधाची चूक ती नव्हती, पण जबाबदारी कशी वाटली गेली ते याच विषयाचे आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांसह तिघे निलंबित झाले, एका वरिष्ठ अधिकाऱ्याची बदली झाली, कंत्राटी बालरोगतज्ज्ञ आणि दोन कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली. फेब्रुवारीत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्या वेळी कक्षात कोणी नव्हते हा आरोप गंभीर होता आणि त्याची चौकशी व्हायलाच हवी होती. पण इमारतीच्या अग्निसुरक्षेचा प्रस्ताव शासनदरबारी पडून होता अशाही बातम्या तेव्हा आल्या होत्या. फाईल अडवणाऱ्या टेबलांपैकी एकावरही मनुष्यवधाचे कलम लागले नाही.

नव्या कायद्याने हा उतार आणखी तीव्र केला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरसाठी मात्र ती दोन वर्षांपर्यंत. डॉक्टर म्हणजे कोण, याची व्याख्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याशी जोडलेली आहे. म्हणजे त्याच पलंगाशी, त्याच रात्री, त्याच चुकीच्या औषधासाठी डॉक्टरला दोन वर्षे आणि सिस्टरला पाच. ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांना संरक्षण दिले: घोर निष्काळजीपणा असेल तरच फौजदारी आणि त्याआधी तटस्थ डॉक्टरचे मत. ते योग्यच होते. हेच संरक्षण सिस्टरला, एएनएमला, आशाला का नको? एका वॉर्डात रात्रभर एकटी असलेली कंत्राटी सिस्टर, जिला माहीत आहे की चूक कबूल केली तर तुरुंग आहे, ती चुकीचा डोस गेल्याची नोंद कागदावर कशी करेल? आणि नोंद झाली नाही तर उद्या दुसऱ्या वॉर्डात तीच बाटली पुन्हा उचलली जाणार.

जबाबदारी वर चढवता येते, हे महाराष्ट्राने एकदा दाखवले आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा आणि डोळ्यांवरचा दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. औषध पाजणाऱ्या सिस्टरला पकडून प्रकरण मिटवता आले असते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशीने ते होऊ दिले नाही. खरेदी कोणी केली, तपासणी कोणी टाळली, परवाना कोणी दिला, मंत्रालयातून कोणाचा फोन आला, इथपर्यंत ते गेले, आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. तरीही ते विष परत आलेच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुले कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्यातल्या अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले होते. तमिळनाडूच्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडले. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला. बाटलीत विष आहे हे डॉक्टर तपासू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्या प्रकारचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसा इशारा लेबलवर छापावा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावले होते. तो इशारा गावातल्या दवाखान्यात आणि मेडिकलमध्ये का पोहोचला नाही, याचे उत्तर अटकेने मिळत नाही आणि अटकेच्या विरोधानेही मिळत नाही.

म्हणून मागणी अशी आहे. सरकारी दवाखान्यात औषधाच्या चुकीने इजा झालेल्या रुग्णाला, त्याने पैसे भरले की नाही हे न विचारता, जिल्ह्यातच आणि ठरावीक मुदतीत भरपाई देणारी यंत्रणा राज्याने कायद्याने उभी करावी. भरपाई संस्थेने द्यावी, कर्मचाऱ्याच्या पगारातून नव्हे. चूक स्वतःहून नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या नोंदीच्या आधारे फौजदारी होऊ नये. आणि फौजदारी करायचीच असेल तर जेकब मॅथ्यूची कसोटी सिस्टरलाही लावावी. भंडाऱ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले आहे. औषधांच्या चुकांची प्रामाणिक नोंदवही आणि दर महिन्याला तिचा उघड आढावा, ही सुरुवात तिथून करायला पैशांची अडचण नाही.

तोवर जे हातात आहे ते वापरा. उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. चिठ्ठी वाचता येत नसेल तर परत जाऊन वाचता येईल अशी मागा, तोही नियमच आहे. उरलेले औषध, बाटली, पट्टी फेकू नका. खासगी दवाखान्याविरुद्धची तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. दवाखान्याला दिलेले बिल पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. २०१९ च्या कायद्यातून वैद्यकीय सेवा वगळली गेली असे कोणी सांगितले तर मानू नका, मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो वाद मिटवला आहे. प्रत्येक वेळी तज्ज्ञ डॉक्टर साक्षीला आणावाच लागतो असेही नाही. मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडची औषधे दिल्याच्या हैदराबादच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते स्पष्ट केले. दवाखान्याची काच फोडू नका, त्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आहे, आणि फुटलेल्या काचेमागे तुमची खरी तक्रार कायमची हरवते.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. ग्राहक आयोगासाठीही मिळतो आणि सरकारी दवाखान्याविरुद्धच्या दिवाणी दाव्यासाठीही. साध्या कागदावरचा अर्ज पुरतो. फोनवर विचारायचे असेल तर क्रमांक १५१०० आहे.